जुना डीएसएलआर, खिशातला कॅमेरा आणि न वाचलेली एक तारीख

#थ्रेड

१/ गेल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न अनेकांनी विचारला आहे : मोडी कागदांची छायाचित्रे घेण्यासाठी जुना, वापरलेला डीएसएलआर घ्यावा, की खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा? उत्तर दोन ओळींत देता आले असते. परंतु या प्रश्नामागे नकलांचा दीर्घ इतिहास आहे, आणि माझी स्वतःची एक चूकही आहे. दोन्ही सांगते.

२/ आरंभ अजिंठ्यापासून करू. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. पुढे जवळजवळ वीस वर्षे तो कॅनव्हासवर तैलरंगांत मोठमोठ्या नकला करीत होता. त्यांतील बहुतेक नकला इंग्लंडमधील सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्या जळाल्या.

३/ काम पुन्हा करावे लागले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात नव्याने नकला केल्या. त्यांतीलही अनेक १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत गेल्या. एका पिढीने केलेली नकल मूळ चित्राच्याही आधी नष्ट होऊ शकते, हे अजिंठ्याने दोनदा दाखवले.

४/ गिलने पुढे कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह त्याच्या छायाचित्रांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. ती चित्रे स्टिरिओ पद्धतीची होती, म्हणजे एकाच दृश्याच्या शेजारी शेजारी घेतलेल्या दोन लहान प्रतिमा. भल्यामोठ्या कॅनव्हासवर काम केलेला माणूस अखेर तळहाताएवढ्या प्रतिमांकडे वळला. 'मोठे साधन की लहान?' हा प्रश्न महाराष्ट्रात त्या लेण्यांइतक्या जवळून पूर्वीच विचारला गेला होता.

५/ त्या काळी मोठ्या कॅमेऱ्याला पर्याय का नव्हता? बहुतेक छायाचित्रे काचेवरील प्रतिमा कागदाला थेट भिडवून छापली जात. काच जेवढी, तेवढेच चित्र. शिवाय ओल्या कोलोडिअनच्या पद्धतीत काचेवर द्रावण चढवणे, चित्र घेणे आणि ते धुणे ही तिन्ही कामे द्रावण सुकण्यापूर्वी उरकावी लागत. म्हणून डोंगरावर कॅमेऱ्याबरोबर अंधारा तंबू, रसायने आणि पाणीही चढवावे लागे.

६/ नंतर कॅमेरा आटत गेला. १८८८ चा कोडॅक शंभर चित्रांची गुंडाळी आत घेऊनच विकला जाई. १९०० मध्ये ब्राउनी एका डॉलरला मिळू लागला. १९२५ मध्ये लायका आला. त्याची चौकट २४ × ३६ मिलिमीटर. प्रत्येक टप्प्यावर देवघेव तीच होती : चौकट लहान झाली, तसा तपशील घटला; पण कॅमेरा अशा ठिकाणी पोहोचू लागला जिथे तंबू कधीच पोहोचला नसता.

७/ डिजिटल युगात हेच चक्र पुन्हा फिरले. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने बनवलेल्या यंत्राचे वजन सुमारे साडेतीन किलो होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. १९९१ मध्ये पहिला व्यावसायिक डीएसएलआर आला. त्याच्या साठवणीची पेटी वेगळी खांद्यावर अडकवावी लागे. २००३ मध्ये कॅननचा ईओएस ३००डी हजार डॉलरच्या आत मिळू लागला, आणि डीएसएलआर हौशी माणसाच्या आवाक्यात आला.

८/ आता तुलनेकडे. माझ्याजवळ काकांकडून मिळालेला निकॉन डी४० आहे. हा २००६ चा कॅमेरा. प्रतिमा ३००८ × २००० बिंदूंची, म्हणजे सहा मेगापिक्सेल. मैत्रिणीकडे साधारण त्याच काळातला खिशातला कॅमेरा आहे, सात मेगापिक्सेलचा. आकड्यांत छोटाच पुढे! मग फरक कुठे पडतो?

९/ फरक सेन्सरच्या आकारात पडतो. डी४० चा सेन्सर सुमारे २३.७ × १५.६ मिलिमीटरचा. त्या काळच्या बहुसंख्य छोट्या कॅमेऱ्यांचा सुमारे ५.८ × ४.३. क्षेत्रफळ पंधरापट कमी. पावसात पागोळ्यांखाली घंगाळ ठेवा आणि वाटी ठेवा. पाऊस सारखाच, पण साठणारे पाणी निराळे. प्रकाशाचेही तसेच आहे.

१०/ प्रकाश कमी पडला की प्रतिमेत खरखर उमटते. ती लपवण्यासाठी कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो. चेहऱ्याच्या छायाचित्रात हे खपून जाते. कागदावर मात्र त्या गुळगुळीतपणात बारीक रेघही पुसली जाते. डीएसएलआरमध्ये 'रॉ' फाईल ठेवण्याची सोय असते. त्यात ही रंगसफेदी कॅमेरा परस्पर करीत नाही, नंतर आपल्याला विचारपूर्वक करता येते.

११/ मोडी कागदाला हे फार महाग पडते. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता लिहीत जातात. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही. वाचकाला आधार असतो तो अक्षरांच्या वळणांचा. एक वळण बुजले की शब्द बदलतो.

१२/ आणि पुण्यात असा कागद किती आहे! पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. तरी तो त्या महासागरातला एक अंश. ७ जुलै १९१० रोजी स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह आहे. त्याखेरीज वाड्या-वस्त्यांवरील ट्रंकांत, माळ्यांवर, रुमालांत बांधलेला कागद आहेच.

१३/ मंडळाच्या संस्थापकांपैकी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला. पुढे २२ खंड झाले. गावोगाव हिंडायचे, दफ्तर उघडायला घरच्यांना राजी करायचे, आणि मोडीतून बालबोधीत नकल करायची. या पद्धतीतील एक गोष्ट आपण विसरतो : हाताने नकल करणाऱ्याला प्रत्येक अक्षर तिथेच, त्याच क्षणी वाचावे लागते. अडले तर मूळ कागद समोर असतो.

१४/ संस्थेत पोहोचला म्हणजे कागद सुरक्षित झाला, असेही नाही. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. स्वस्त डीएसएलआर येऊन तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. नकला वेळेत आणि एकाहून अधिक ठिकाणी असणे का आवश्यक आहे, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

१५/ आता माझी चूक. दोन वर्षांपूर्वी मावळातील एका गावी पाटील घराण्याचे दफ्तर पाहायला गेले होते. डी४० आणि तिकाटणे घेऊन ओसरीवर बसले. घरातले आबा कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "पोरी, एवढं सामान कशाला? जमिनीचं काही काढायचंय का?" कागद म्हणजे वतन, वतन म्हणजे दावा, आणि दावा म्हणजे पिढ्यानपिढ्यांचे वैर. त्यांचा संशय गैर नव्हता.

१६/ मी मोठा कॅमेरा पिशवीत ठेवला. मैत्रिणीचा छोटा कॅमेरा खिशातून काढल्यावर आजी हसल्या, "हा असला तर काढ की. आमच्या नातवाकडंबी आहे." ट्रंक उघडली गेली. मोठ्या कॅमेऱ्याने बंद केलेले दार छोट्याने उघडले, हे मी मान्य केलेच पाहिजे. दोन तासांत सुमारे साठ कागद टिपले.

१७/ माजघरात उजेड एका लहान खिडकीचा. फ्लॅश मी वापरत नाही. शाईवर चमक येते आणि जुन्या कागदाला तीव्र प्रकाश सोसत नाही. हातभर लांबीची पत्रे एकाच चौकटीत बसवली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे स्वच्छ दिसत होते. पडदा अडीच इंचांचा होता, हे मात्र ध्यानात आले नाही. एकही कागद तिथे बसून वाचला नाही. 'घरी जाऊन वाचू' या भरवशावर निघाले.

१८/ कागदांत पाटीलकीच्या वादाची दोन पत्रे होती. जुन्या पत्रांत 'छ' या अक्षरापुढे चंद्राची तारीख आकड्यात येते, मग मुसलमानी महिन्याचे नाव. एका पत्रावर स्वच्छ 'छ ५ रबिलावल'. दुसऱ्यावर 'छ', मग एक आकडा, मग तोच महिना. आकडा १ की ९? नऊची शेपटी असावी तिथे फक्त करडा डाग. पहिली असेल तर धाकट्या शाखेने आधी तक्रार केली. नववी असेल तर तिने आलेल्या हुकुमाला उत्तर दिले. फिर्यादी कोण आणि प्रतिवादी कोण, हे एवढ्या शेपटीवर ठरणार होते.

१९/ पुन्हा जाऊन पाहू, असे ठरवले. परीक्षा आल्या, मग पावसाळा आला. श्रावणात आबांचा फोन आला : माळ्याचे कौल सरकून ट्रंकेत पाणी गेले होते. मी पोहोचले तेव्हा कागदांचा लगदा एकमेकांना चिकटून वाळला होता. आबा एवढेच म्हणाले, "तू फोटो काढलेस ना? मग झालं." मला उत्तर देता आले नाही.

२०/ पुण्यात परतल्यावर मी दोन्ही कॅमेऱ्यांची रीतसर परीक्षा घेतली. सरावासाठी बोरूने लिहिलेला माझाच मोडी कागद. सकाळी खिडकीशी, तिकाटण्यावर : दोन्ही चित्रे वाचता आली, फरक शोधावा लागला. संध्याकाळी एका दिव्याच्या उजेडात, हातात धरून : डी४० चे चित्र खरखरीत, पण वाचनीय, छोट्याचे गुळगुळीत आणि १-९ चा घोळ तसाच. संध्याकाळीच छोटा कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून, टायमर लावून घेतलेले चित्र : पुन्हा वाचनीय.

२१/ म्हणून उत्तर असे. कागदांसाठी एकच कॅमेरा घ्यायचा असेल तर वापरलेला जुना डीएसएलआर घ्या. कमी उजेडात तो जास्त सोसतो. छोटाच घ्यायचा असेल तर मोठ्या सेन्सरचा शोधा. २०१२ मध्ये आलेल्या सोनीच्या आरएक्स१०० सारख्या कॅमेऱ्यांचा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा आहे. डी४० च्या साधारण एक तृतीयांश, पण जुन्या छोट्या कॅमेऱ्यांच्या चौपटीहून अधिक. आणि घरगुती दफ्तराला जाताना छोटा खिशात असू द्याच.

२२/ 'मोबाईल का नको?' हाही प्रश्न येईल. चालेल. परंतु मोबाईल अनेकदा चार-सहा चित्रे एकत्र करून त्यांवर स्वतःचे संस्कार करतो. रेघ ठळक दिसते म्हणून ती कागदावर तशीच होती असे समजू नका. वरचे सर्व नियम त्यालाही लागू.

२३/ माझे नियम आता असे आहेत. कागद खिडकीशी न्यायचा. कॅमेरा हातात धरायचा नाही, टेकवायचा. संपूर्ण पत्राचे एक चित्र. तारखेच्या ओळीचे आणि शिक्क्याचे जवळून वेगळे. शेजारी मोजपट्टी. त्याच दिवशी दोन ठिकाणी प्रती, त्यांतील एक घरच्यांकडे. आणि उठण्यापूर्वी प्रत्येक कागदाची तारीख मूळ कागदावरून वहीत उतरवायची, पेन्सिलीने, राजवाड्यांसारखी.

२४/ हा शेवटचा नियम कॅमेऱ्याचा नाही, पण त्याच्यामुळेच आवश्यक झाला. हाताने नकल करताना पाहणे आणि वाचणे एकत्र घडत असे. कॅमेऱ्याने ती दोन कामे वेगळी केली. आपण आज पाहतो आणि वाचन पुढे ढकलतो. कॅमेरा जितका लहान आणि वेगवान, तितके हे ढकलणे सोपे. माझ्या छोट्या कॅमेऱ्याला बोल लावावासा वाटतो खरा, पण त्या माजघरात मी पाच मिनिटे वाकून तो एक आकडा वाचला असता, तर कोणताही कॅमेरा पुरला असता.

२५/ त्या घराण्याचे टिपण मी लिहिले आहे. दुसऱ्या पत्राच्या तारखेपुढे 'छ १ किंवा ९' असे नोंदवले आहे आणि कारणही दिले आहे. आबांनाही ते वाचून दाखवले. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चुलत्याकडं वरच्या आळीला एक पेटी आहे. दिवाळीनंतर ये."

२६/ जाणार आहे. दोन्ही कॅमेरे, एक वही आणि दोन पेन्सिली घेऊन. तुमच्या घरी रुमालात बांधलेले काही असेल, तर या रविवारी खिडकीशी घेऊन बसा. मोडी येत नसली तरी 'छ' आणि त्यापुढचा आकडा शोधता येतोच. सापडला, तर आधी वहीत लिहा, मग चित्र काढा.

(समाप्त)