ठाणे–कल्याण परिसर : भूरचना, हवामान व इतिहास

उत्तर कोकणातील उल्हास नदीच्या खालच्या खोऱ्याचा व ठाणे खाडीकाठचा प्रदेश. ठाणे, कल्याण व डोंबिवली ही त्यातील प्रमुख शहरे होत. सह्याद्री, खाडी आणि मोसमी वारे या तीन घटकांनी येथील वसाहत, व्यापार व वाहतूक यांना वळण दिले. म्हणून या परिसराचा इतिहास त्याच्या भूगोलापासून वेगळा काढता येत नाही.

भूरचना : पृथ्वीच्या कवचाखाली सु. २,९०० किमी. खोलीपर्यंत प्रावरण असून त्याच्या वरच्या भागात खडक अंशतः वितळून शिलारस तयार होतो. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी असा शिलारस भेगांवाटे वारंवार बाहेर पडला व त्याचे थरांवर थर साचून दख्खनचे पठार बनले. ठाणे परिसरातील काळा बेसाल्ट खडक त्याच उद्रेकांतील होय. सह्याद्रीवर हे थर जवळजवळ आडवे आहेत; किनाऱ्यालगत मात्र ते पश्चिमेकडे कललेले आढळतात. पनवेलच्या नावाने ओळखली जाणारी ही मुरड दक्षिणोत्तर पसरली असून पश्चिम किनाऱ्याच्या निर्मितीवेळी कवचाला पडलेल्या ताणाशी तिचा संबंध जोडतात. वज्रेश्वरी, गणेशपुरी व अकलोली येथील उष्ण झरे याच पट्ट्यात आहेत. भेगांतून खोल मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून तेथे पुन्हा वर येते.

उल्हास नदी खंडाळा–राजमाची परिसरात उगम पावते. भातसाचे पाणी घेऊन आलेली काळू नदी तिला कल्याणजवळ मिळते. ठाण्याजवळ तिचा मुख्य प्रवाह वसईच्या खाडीकडे जातो व एक फाटा ठाणे खाडीशी जोडला जातो. त्यामुळेच साष्टीला बेटाचे स्वरूप आले. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १०० मी. हून अधिक खाली होती. हिम वितळून ती वाढली, तेव्हा नद्यांच्या दऱ्यांत खारे पाणी शिरून खाड्या बनल्या.

हवामान : वातावरणाची एखाद्या दिवसाची स्थिती म्हणजे हवा आणि दीर्घकाळच्या सरासरीवरून ठरणारे तिचे स्वरूप म्हणजे हवामान. येथील हवामान उष्ण, दमट व मोसमी आहे. उन्हाळ्यात भारतीय भूमी तापून तेथे कमी दाबाचा पट्टा निर्माण होतो. त्याकडे खेचले गेलेले दक्षिण गोलार्धातील व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडताच पृथ्वीच्या परिवलनामुळे उजवीकडे वळतात व नैर्ऋत्येकडून बाष्प घेऊन येतात. सह्याद्रीमुळे त्यांना वर चढावे लागते. हवा थंड होऊन भरपूर पाऊस पडतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. घाटापलीकडील जुन्नरच्या पूर्वेस मात्र पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश सुरू होतो.

इतिहास : मोसमी वाऱ्यांचे चक्र ओळखून अरबी समुद्र थेट ओलांडणाऱ्या नौकांना कल्याण हे सोयीचे बंदर होते. भरतीचे पाणी तेथवर पोहोचते व तेथून नाणेघाटमार्गे जुन्नर–पैठणकडे जाता येई. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत. इ. स. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचे नाव ‘कल्लिएना’ असे येते. सत्ताबदलानंतर तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. अनुकूल भूगोल असूनही राजकीय संघर्ष बंदराचा व्यापार कसा रोखू शकतो, याचे हे जुने उदाहरण होय. सहाव्या शतकात कॉस्मस याने कल्याणचा पुन्हा मोठे बंदर म्हणून उल्लेख केला. पुढे शिलाहारांच्या काळात ठाणे (श्रीस्थानक) भरभराटीस आले. अंबरनाथचे शिवमंदिर (१०६०) याच काळातील असून ते स्थानिक काळ्या दगडात बांधलेले आहे. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले व तेथील खाडीत जहाजबांधणी सुरू केली.

मोठ्या जहाजांना खोल पाणी लागत असल्याने सागरी व्यापार मुंबईकडे गेला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई–ठाणे लोहमार्ग सुरू झाला व १८५४ मध्ये तो खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला. बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये, तर कसाऱ्याच्या थळघाटातील मार्ग १८६५ मध्ये खुला झाला. सह्याद्रीतील दोन्ही वाटा जेथे एकत्र येतात, तेथे वसलेले कल्याण बंदराऐवजी लोहमार्गाचे केंद्र बनले. पारसिकच्या डोंगरातील सु. १·३ किमी. लांबीचा बोगदा १९१६ मध्ये वापरात आला.

पूर व नागरी वाढ : लोहमार्गालगत वस्ती वाढत जाऊन ठाणे (१९८२) व कल्याण-डोंबिवली (१९८३) या महानगरपालिका स्थापन झाल्या. भातखाचरे, मिठागरे व खाजणे पूर्वी भरतीचे व पावसाचे पाणी काही काळ सामावून घेत. त्यांपैकी बराच भाग भराव घालून बांधकामाखाली आला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४ सेंमी. पाऊस पडला, तर त्याच काळात कुलाबा येथे तो सु. ७ सेंमी. इतकाच होता. केवळ सरासरीवरून एखाद्या दिवसाचा धोका कळत नाही, हे यावरून दिसते. त्या वेळी उल्हास खोऱ्यातील कल्याण, उल्हासनगर व बदलापूर या शहरांनाही पुराचा मोठा फटका बसला. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात वांगणीजवळ अडकलेल्या महालक्ष्मी एक्सप्रेसमधील एक हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली.

घाटमाथ्यावरील अतिवृष्टी व समुद्राची भरती एकाच वेळी आल्यास उल्हासच्या पाण्याला उतरण्यास वाट मिळत नाही व ते सखल भागात पसरते. असे पाणी काही अंशी सामावून घेणे व काठाची धूप रोखणे यांत खाडीकाठच्या कांदळवनांचे महत्त्व मोठे आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. हे संरक्षण पक्ष्यांइतकेच काठावरील शहरांच्याही हिताचे आहे.