कॅथरिन ब्रागांझा

(२५ नोव्हेंबर १६३८ – ३१ डिसेंबर १७०५). पोर्तुगालची राजकन्या व इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची राणी. तिच्या विवाहात पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडला आंदण दिले.

तिचा जन्म व्हिला व्हिसोझा येथे झाला. १६४० मध्ये तिच्या वडिलांनी, चौथ्या जॉनने, स्पेनची सत्ता झुगारून पोर्तुगालची गादी मिळवली. स्पेन ती मान्य करीना आणि पूर्वेकडे डच पोर्तुगीजांची ठाणी घेत होते. म्हणून तिची आई लुइझा हिने इंग्लंडशी सोयरीक जुळवली. २३ जून १६६१ च्या तहाने टँजिअर, मुंबई व २० लक्ष क्रुझादो (पोर्तुगीज नाणी) देण्याचे ठरले. मोबदल्यात इंग्लंडने पोर्तुगालच्या रक्षणाची हमी दिली. विवाह २१ मे १६६२ रोजी पोर्टस्मथ येथे झाला.

परक्या दरबारात कॅथलिक राणीचे दिवस खडतर गेले. तिला मूल झाले नाही. १६७८ मध्ये राजावर विषप्रयोगाच्या कटाचा खोटा आळ तिच्यावर आला, तेव्हा चार्ल्स तिच्या पाठीशी उभा राहिला. इंग्लंडच्या उमराव घराण्यांत चहाची आवड रुजण्यास तिचा हातभार लागला. वैधव्यानंतर ती मायदेशी परतली. १७०४–०५ मध्ये आजारी भाऊ दुसरा पीटर याच्या वतीने तिने पोर्तुगालचा कारभार समर्थपणे पाहिला. तिचे निधन लिस्बन येथे झाले.

मुंबई व उपनगरे : आंदणात नेमका किती मुलूख, यावरून लगेच वाद पेटला. सप्टेंबर १६६२ मध्ये आलेल्या इंग्रजांनी मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटही मागितले. पोर्तुगीज व्हाइसरॉयने नकार दिला. नियोजित गव्हर्नर अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर वाट पाहतच वारला. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी त्याचा सचिव हम्फ्री कुकने मुंबईचा ताबा घेतला. १६६८ मध्ये चार्ल्सने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीस दिली.

साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. त्यामुळे साष्टीवर वसलेली आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे या आंदणात कधीच नव्हती. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवरील चर्चचे भग्नावशेष पोर्तुगीज अमलाची साक्ष देतात. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी जिंकली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ती लढून घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. मुंबई सोयरिकीतून इंग्रजांकडे गेली, उपनगरे शंभराहून अधिक वर्षांनी तलवारीने.