तळटीप : पाटील, म्हात्रे
दिघा, ऐरोली, घणसोली या ठाणे-बेलापूर पट्टीतल्या आगरी वस्तीत ही आडनावे नेहमीची. दोन्ही मुळात हुद्दे. जुन्या शिलालेखांतल्या ‘पट्टकिला’चा झाला पाटील, ‘महत्तर’ म्हणजे गावचा वडीलधारा कारभारी, त्यावरून म्हात्रे. पाटील सारा वसूल करी, तंटे मिटवी. मराठी कागदांवर त्याची निशाणी नांगर, कुळकर्ण्याची लेखणी. स्कॉटलंडातही राजवाड्याच्या ‘स्टुअर्ड’ या वंशपरंपरागत कारभाऱ्याचे घराणे ‘स्टुअर्ट’ झाले, आणि १३७१ मध्ये गादीवर बसले! आपल्याकडे मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. पोलीस पाटील मात्र अजून नेमला जातो. तेव्हा पुढील प्रकरणांत ‘पाटील’ हे आडनाव की पद, हे वाचकांनी संदर्भावरून ठरवावे. — संपादक