रवी परांजपे : बेळगावचे चित्रकार आणि वास्तुचित्रे

वास्तुचित्रणात विशेष प्रावीण्य मिळवलेले चित्रकार रवी परांजपे यांचा जन्म १९३५ साली बेळगाव येथे झाला. तेथेच चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्याकडे त्यांनी कलेचे धडे घेतले. बेळगाव हे जुन्या वास्तूंचे शहर आहे. तेथील भुईकोट किल्ल्यात रट्ट राजवटीतील कमल बस्ती हे जैन मंदिर असून, छतावर कोरलेल्या दगडी कमळावरून त्याला हे नाव पडले.

पुढे मुंबईत परांजपे यांनी बोधचित्रांबरोबरच वास्तुरचनाकारांसाठी यथादर्शन चित्रे काढली. न बांधलेली इमारत प्रत्यक्षात कशी दिसेल, हे अशा चित्रातून दाखवावे लागते. त्यासाठी मोजमापाची अचूकता हवीच. परंतु छायाप्रकाश, झाडे आणि माणसांची वर्दळ यांशिवाय वास्तू सजीव वाटत नाही. संगणकाच्या आगमनानंतर हाताने रेखाटण्याची ही कला मागे पडली. ‘ब्रश मायलेज’ हे त्यांचे आत्मचरित्र आहे. २०२२ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

जुने वाडे आणि घरे झपाट्याने पाडली जात असताना, वास्तू बारकाईने न्याहाळून कागदावर उतरवण्याची ही शिस्त केवळ कलेपुरती मर्यादित राहत नाही. ती स्मृतिजतनाचे साधन ठरते.