पिवळ्या काठाचा वारसा

गॅलरीतल्या स्नेक प्लांटची एक गंमत सांगते. झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण त्याचं ‘ट्रायफॅशियाटा’ हे नाव छापून आलं बंगालच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात! कलकत्त्याजवळच्या शिबपूर बागेचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली ते दिलं. तेव्हाची प्रजाती सॅन्सेव्हिएरिया. २०१७ मध्ये झाड ड्रॅसीना प्रजातीत गेलं. म्हणजे माहेरही बदललं!

पिवळ्या काठाच्या प्रकाराला ‘लॉरेंटी’ म्हणतात, बेल्जियमचे वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल लोराँ यांच्या नावावरून. काँगो तेव्हा राजा लिओपोल्डची खासगी मालमत्ता होती. १९०४ मध्ये तिथून परतताना लोराँ वाटेतच वारले. काठ मात्र जगभर पोचला.

हा सगळा इतिहास मी शोधला त्याला कारण आत्याची कुंडी. आत्या गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि गेल्या पावसाळ्यात झाड लोळलं. पानं बुडाशी पिचपिचीत, मातीला कुबट वास. मूळकूज! मातीत पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग पिथियमसारखे जीव त्यांच्यावर तुटून पडतात. पानांत आणि जमिनीखालच्या आडव्या खोडात पाणी साठवणारं हे झाड. त्याला तहान सोसते, दलदल नाही.

सगळे म्हणाले, चांगल्या पानाचे तुकडे लाव, लगेच जगतील. जगले असते हो, पण बिनकाठाचे! पानापासून येणारं रोप आतल्या हिरव्या भागातून फुटतं, त्यात पिवळा काठ उतरत नाही. काठ हवा तर खोडच वाचवायला हवं.

मग कुजलेलं सगळं धुतलेल्या सुरीने कापून टाकलं. अंगठ्याएवढा टणक तुकडा उरला. तो तीन दिवस सावलीत सुकवला, भोकाच्या मातीच्या कुंडीत भरपूर वाळू घालून लावला आणि आठवडाभर पाणी दिलं नाही.

तेव्हा लक्षात आलं, गॅलऱ्यांतून दिसणारा हा प्रत्येक पिवळा काठ कोणीतरी खोड फोडून दुसऱ्याच्या हातात दिलं म्हणूनच इथवर आलाय. शंभरहून जास्त वर्षं, न तुटता. आत्यालाही तो शेजारच्या काकूंनी दिला होता.

अडीच महिन्यांनी कोंब आला. करंगळीएवढा, पण काठ पिवळाच! जरा पसरला की एक फोड आतेबहिणीला द्यायची आहे.