बालविकास (अभ्यासविषय)

गर्भावस्थेपासून किशोरवयापर्यंत मुलांच्या शारीरिक, बौद्धिक, भाषिक, भावनिक व सामाजिक वाढीचा अभ्यास करणारा, गृहशास्त्रातून वेगळा झालेला शालेय विषय.

महाराष्ट्रात त्याची पूर्वपीठिका पाठ्यपुस्तकाबाहेरची आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, 1945 मध्ये बोर्डी व 1957 मध्ये कोसबाड येथे ताराबाई व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी, कुरणशाळा हे प्रयोग केले (पहा : मोडक, ताराबाई, वाघ, अनुताई). कोठारी आयोगाने (1964–66) माध्यमिक शिक्षणाच्या व्यवसायीकरणाची शिफारस केली. राज्यात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम 1988-89 पासून सुरू झाले व त्यांत पाळणाघर आणि बालवाडी व्यवस्थापनाला स्थान मिळाले. ‘बालविकास’ हा मात्र अकरावी-बारावीचा ऐच्छिक विषय आहे. हा विषय व ते व्यवसाय अभ्यासक्रम यांची अनेकदा गल्लत होते.

आहार, लसीकरण, खेळ, निरीक्षण-नोंदी व खेळसाहित्यनिर्मिती हे बालविकास विषयातील प्रात्यक्षिकाचे भाग. मूल समोर नसेल, तर हा विषय निव्वळ पाठांतराचा होतो.

आदिवासी भागातील उपयोगाचे उदाहरण म्हणजे अकोले (अहिल्यानगर जिल्हा). हा महादेव कोळी, ठाकर वस्तीचा डोंगराळ तालुका असून राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. अशा भागात या शिक्षणाचा सर्वांत जवळचा उपयोग अंगणवाडीत होतो (पहा : एकात्मिक बालविकास सेवा योजना). 2023 पासून राज्यात अंगणवाडी सेविकेसाठी बारावी उत्तीर्ण व स्थानिक रहिवासी असणे आवश्यक आहे; बालविकास विषय घेतलेला असण्याची अट नाही.