पॉलिसीतला 35 आला कुठून?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल सध्या जिथे जाल तिथे बोलणं चालू आहे. एक पक्ष म्हणतो चमत्कार आहे, दुसरा म्हणतो तोंडावर ताबा ठेवा, सुया कसल्या टोचताय! या भांडणात मला फारसा रस नाही. मला पकडलं ते आरोग्यविम्याच्या कागदातल्या एका आकड्याने. 35. तो आला कुठून हे शोधत गेलो आणि जवळजवळ शंभर वर्षं मागे पोचलो. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये स्फोटकांसाठी डायनायट्रोफेनॉल नावाची पिवळी पूड वापरत. तिथले कामगार घामाघूम व्हायचे, अंग तापायचं, वजन झपाट्याने उतरायचं. काही जण दगावले. पुढे 1933 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी हीच पूड लठ्ठ माणसांना देऊन पाहिली. वजन खरंच उतरलं. आपल्या पेशी अन्नातली ऊर्जा साठवून कामाला लावतात. या पुडीने ती साठवणच बिघडते आणि ऊर्जा नुसती उष्णता म्हणून निघून जाते. चुलीवर काही न ठेवता लाकडं जाळत बसावं तसं. डोस थोडा जास्त झाला की ताप इतका चढतो की माणूस आतून शिजतो, आणि त्यावर उतारा नाही. तरीही वर्षभरात अमेरिकेत लाखभर लोकांनी ते घेतलं असेल असा खुद्द टेंटर यांचा अंदाज होता. मग तरुण बायकांना मोतीबिंदू व्हायला लागले. 1938 साली अमेरिकेचा नवा अन्न-औषध कायदा आला आणि हा धंदा आवरला गेला. पूर्ण थांबला म्हणत नाही, कारण इंटरनेटवरून हीच पूड पुन्हा विकली जायला लागली आणि ब्रिटनला 2023 साली तिला विषांच्या यादीत टाकावं लागलं.

त्यानंतरच्या गोळ्यांची कथा भराभर सांगतो, कारण नावं बदलतात, कथा तीच राहते. अँफेटामाइन आलं, भूक मेली आणि व्यसन लागलं. 1965 साली स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनीत अमिनोरेक्स आलं. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढून माणसं दगावली, तीन वर्षांत ते गुंडाळलं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत ‘फेन-फेन’ची लाट आली. दोन वेगवेगळ्या मंजूर गोळ्या डॉक्टर एकत्र द्यायचे. त्या जोडीला म्हणून मंजुरी कधीच नव्हती. 1997 साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हृदयाच्या झडपा बिघडलेल्या 24 बायकांची माहिती मांडली आणि दोन-तीन महिन्यांत त्यातली फेनफ्लुरामाइन बाजारातून गेली. सिब्युट्रामाइन आपल्याकडेही चिठ्ठीवर सर्रास मिळायचं, त्यावर 2011 मध्ये बंदी आली. आज इंजेक्शनाला घाबरणारी वडीलधारी माणसं मागासलेली आहेत असं मला म्हणूनच वाटत नाही. त्यांच्या भीतीला इतिहास आहे.

शस्त्रक्रियेची वाट मात्र वेगळी निघाली. तीही वाईटच सुरू झाली होती. पन्नाशीच्या दशकात सर्जन लहान आतड्याचा मोठा भाग वगळून टाकायचे, म्हणजे अन्न पचायलाच नको. वजन उतरायचं, पण त्याबरोबर यकृत जायचं, मुतखडे व्हायचे. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. दरम्यान आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती: अल्सरसाठी जठराचा भाग कापलेल्या बायकांचं वजन पुन्हा वाढत नाही. 1966 साली त्यांनी चिकाशी इटो यांच्यासोबत जठर लहान करून आतड्याला जोडायची शस्त्रक्रिया केली. आजच्या गॅस्ट्रिक बायपासचं मूळ तिथे आहे. या शस्त्रक्रियेनंतरही लोह, बी-12 वगैरे जन्मभर सांभाळावं लागतं, ते काही सुटत नाही.

खरी गंमत 1995 साली झाली. नॉर्थ कॅरोलायनातले सर्जन वॉल्टर पोरीस यांनी आपल्या रुग्णांचा हिशेब छापला. बायपास झालेल्या 146 मधुमेहींपैकी 121 जणांची साखर नॉर्मलला आली होती. आणि ती आली कधी? वजन उतरायच्या आधी, काही दिवसांत! म्हणजे पोट लहान झालं, कमी खाल्लं, बारीक झाले, एवढा सरळ हा मामला नव्हता. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचलं की तिथल्या पेशी जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सोडतात. ते इन्सुलिन वाढवतं आणि मेंदूला सांगतं की पुरे झालं. मनोनिग्रह, जिभेचे चोचले, आळस, या शब्दांत आपण पिढ्यान् पिढ्या जे बोललो, त्यातलं बरंच काही आतड्यातून येणाऱ्या निरोपावर चालतं.

आता 35 कडे येतो. मार्च 1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बेथेस्डा इथे तज्ज्ञांची बैठक घेतली. कुणाची शस्त्रक्रिया करावी याचा निकष ठरला: बीएमआय 40 च्या वर, किंवा 35 च्या वर आणि सोबत गंभीर आजार. तेव्हा दुर्बिणीची बायपास अजून आली नव्हती, पोट उघडूनच काम होतं, त्यामुळे निकष कडक ठेवणं समजण्यासारखं होतं.

पण तो निकष अमेरिकन शरीरांसाठी होता. आपलं शरीर वेगळं आहे हे दाखवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि हे पुण्यातल्याच कितीतरी लोकांना माहीत नाही. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली बाळं 3.5 किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान, फक्त चरबी त्या मानाने टिकून. 2004 साली याज्ञिकांनी आणि ब्रिटनचे प्रा. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला सडपातळ, आतून नाही. 2009 मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपले आकडे खाली आणले ते अशाच पुराव्यांवर: लठ्ठपणा 25 पासून, शस्त्रक्रियेचा विचार आजार असेल तर 32.5 पासून, नसेल तर 37.5 पासून.

आणि विम्याच्या कागदात? 2019 साली विमा नियामकाने लठ्ठपणाच्या कलमाचा मजकूर सगळ्या कंपन्यांना एकसारखा ठरवून दिला. हे पाऊल चांगलंच होतं, कारण त्याआधी बऱ्याच कंपन्या ही शस्त्रक्रिया सरसकट नाकारायच्या. पण त्यात आकडे बसले 40 आणि 35. बेथेस्डाचे.

माझ्या मामेबहिणीची उंची 155 सेंटिमीटर, वजन 82 किलो. साखर दोन गोळ्या आणि इन्सुलिन घेऊनही आटोक्यात नाही. बीएमआय 34 च्या थोडा वर. भारतीय निकषाने ती 78 किलोलाच पात्र झाली होती. सर्जनने लिहून दिलं, कंपनीने (नाव घेत नाही, कागद सगळ्यांचा सारखाच आहे) नाकारलं, कारण 35 भरत नाही. हिशेब करून पाहिला: 35 ला पोचायला तिला साधारण दोन किलो कमी पडतात. फोनवरचा मुलगा भला होता, हळूच म्हणाला, “मॅडम, पुढच्या वेळी वजन जरा जास्त भरलं तर बघता येईल.” वजन कमी करायचं म्हणून आधी वाढवायचं! मामी तर म्हणाली, दोन आठवडे माझ्याकडे राहायला ये. हसलो आम्ही सगळे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

यातला सगळ्यात टोचणारा भाग हा की, अमेरिकेतल्या सर्जनांनी तो आकडा मागे टाकलाय. 2022 साली तिथली सर्जनांची संघटना आणि जागतिक महासंघ यांनी मिळून नवे निकष दिले: आजार असो-नसो 35 पासून, चयापचयाचा आजार असेल तर 30 पासून विचार करा, आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासून. 1991 चा आकडा आपल्या पॉलिसींत मात्र अजून नांदतोय.

“मग इंजेक्शन घे ना,” असं तिला सगळे सांगतात. ते इंजेक्शन म्हणजे त्याच जीएलपी-1 ची गोष्ट पुढे नेलेली आहे. न्यूयॉर्कचे डॉ. जॉन इंग यांना हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत या संप्रेरकासारखा, पण जास्त टिकणारा पदार्थ सापडला. त्यावरून 2005 मध्ये पहिलं औषध आलं. मग सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन उतरलं. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे हे बीपीच्या गोळीसारखं चालू ठेवायचं औषध आहे. टिर्झेपेटाइड मार्च 2025 मध्ये आपल्याकडे आलं तेव्हा आठवड्याची एक कुपी 3,500 रुपयांपासून होती. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतची, त्यामुळे स्वस्ताईची आशा आहे. पण दवाखान्यात दाखल न होता घेतलेली औषधं बहुतेक साध्या पॉलिसींत बसतच नाहीत. शस्त्रक्रियेला आकडा आडवा येतो, इंजेक्शनाला खिसा.

विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यात कार्यालय आहे. पण लोकपाल पॉलिसीतल्या शब्दांवरच निवाडा करणार, आणि शब्दांत 35 लिहिलंय. शब्द बदलायचे तर ते हैदराबादला, नियामकाच्या दारात. आपापल्या पॉलिसीत ‘ओबेसिटी / वेट कंट्रोल’ हे कलम काढून वाचा. ज्यांचा क्लेम 32.5 ते 35 च्या मधे अडकून नाकारला गेलाय त्यांनी नकाराचं पत्र मला पाठवा, नाव-पत्ता झाकून चालेल. डॉक्टर मंडळींपैकी कुणी मसुदा तपासून देणार असेल तर तेही कळवा. दहा-पंधरा पत्रं जमली की निवेदन करून टाकू.